बाजाराच्या दिवशी मत

बी.ए. होऊन शहाद्याच्या शाळेत लागलो, त्याच वर्षी प्रांतिक निवडणूक आली आणि मला मतदानाच्या कामावर कारकून नेमलं. केंद्र आमच्याच शाळेत होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी गावचा बाजार होता. मिरच्या विकून एक म्हातारा शेतकरी थेट शाळेत आला. फेट्यातून मताची चिठ्ठी काढून त्याने ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"बाबा, मतदान उद्या आहे."

"आज आख्खा तालुका आठे बाजारमा शे, अन् मत सकाय? हाई कोनी ठरायं?"

"रविवारी ठेवायला हवं होतं, सुट्टी असते," मी म्हणालो.

"रविवार तुमले, मास्तर. मन्हा बैलस्ले कोन सुट्टी दी?"

त्याचं गाव म्हसावदच्याही पुढे, बैलगाडीने दिवसभराच्या वाटेवर. घरी गेला तर परत येणं शक्य नव्हतं, आणि शेतात कापूस वेचायचा राहिला होता. क्षणभर तो फेटा चाचपत उभा राहिला. मग बैल सोडून त्याने शाळेच्या कडुनिंबाखाली बांधले.

सकाळी पहिलं मत त्याचंच पडलं. गाडी जुंपता जुंपता तो म्हणाला, "जो निवडी यी त्याले सांगजो, मी तुन्हाकरता दोन दिन मोडात. तू मन्हा गावले एक दिन ये."

निवडून आलेल्या गृहस्थांना मी तो निरोप पत्राने कळवला. माझ्या पदवीचा तो पहिला खरा उपयोग.