थंडीतल्या पाण्याचा अभ्यास

ट्राउट माशाबद्दल जगात सगळ्यात जास्त माहिती असलेला आणि एकही ट्राउट कधी न पकडलेला माणूस दाखवा, असं कोणी म्हणालं असतं तर मी त्याला गाडीत घालून सरळ मस्कतजवळच्या अल अमेरातला नेलं असतं. तिथे डोंगराच्या पायथ्याशी, कोरड्या वादीच्या (इथे नदीच्या पात्राला वादी म्हणतात) काठावरच्या एका इमारतीत माझ्या नणंदेचे यजमान राहत होते. मी त्यांना भावोजी म्हणते. मोठमोठ्या इमारतींची एसीची यंत्रं सांभाळणाऱ्या एका कंपनीत ते इंजिनियर. मस्कतच्या उन्हात जन्मभर पाणी थंड करत बसलेल्या माणसाला बर्फाच्या पाण्यातल्या माशाचं वेड लागावं, यात कोणाला काव्य दिसेल. मला रजेचा नियम दिसतो. एसीवाल्याला उन्हाळ्यात रजा मिळत नाही. शाळा सुटल्या की आम्ही सगळे पुण्या-मुंबईची विमानं पकडायचो तेव्हा भावोजी कुठल्यातरी गच्चीवर, तापलेल्या पत्र्याजवळ, बंद पडलेल्या यंत्राशी भांडत असायचे. त्यांची रजा डिसेंबर-जानेवारीत. तरुणपणी कामावरच्या एका स्कॉटिश साहेबाने देश सोडताना आपली मासे धरायची काठी त्यांना देऊन टाकली, आणि भावोजींनी तिथल्या तिथे हिशेब केला की आपल्याला सुट्टी फक्त थंडीत, तेव्हा आपण फक्त थंडीतलं फ्लाय फिशिंग शिकायचं. वसंतातलं, उन्हाळ्यातलं त्यांनी वाचलंसुद्धा नाही. उगाच नसत्या गोष्टी डोक्यात कशाला भरायच्या, असं त्यांचं म्हणणं.

फ्लाय फिशिंग म्हणजे काय, ते मला इतक्या वेळा समजावण्यात आलंय की झोपेतून उठवलंत तरी सांगेन. गळाला पिसं, केस, दोरा गुंडाळून खोटी माशी बनवायची, ती लांब दोरीच्या टोकाला बांधून हवेत मागे-पुढे झुलवायची आणि अलगद नदीवर सोडायची. थंडीत मासा सुस्त असतो. तो वर येत नाही, खोल पाण्यात तळाशी दगडाआड बसून राहतो. खाणं अगदी तोंडासमोरून, हळूहळू गेलं तरच तो तोंड उघडतो, त्यासाठी जागचा हलत नाही. (आमच्या घरीही शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीला, असाच एक जण सोफ्यावर बसलेला असतो, हे मी तेव्हाच सांगितलं होतं.) म्हणून थंडीतली माशी जड हवी, लगेच बुडणारी. त्यासाठी भावोजी पंख्याच्या जळालेल्या मोटरमधली तांब्याची तार वापरायचे, वादीत चरणाऱ्या बकऱ्यांचे काटेरी झुडपांत अडकलेले केस गोळा करायचे, आणि एका गोकुळाष्टमीला आमच्या ताईंच्या, म्हणजे माझ्या नणंदेच्या, देवघरातल्या बाळकृष्णाच्या मुकुटातून मोरपीस नाहीसं झालं. ताईंनी आधी कामवालीला, मग मला विचारलं. संध्याकाळी भावोजींनी हिरव्या-निळ्या चकाकणाऱ्या पाच-सहा माश्या टेबलावर मांडल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, देवाच्या डोक्यावरचं ओरबाडलंत?" भावोजी शांतपणे म्हणाले, "त्याला दुसरं आणू. ट्राउटला दुसरं चालत नाही."

गंमत म्हणजे माणूस शाकाहारी. आम्ही कोकणातले, दर आठवड्याला कोणीतरी बरका गावच्या मासळीबाजारात जाऊन सुरमई आणणार, ती मी तळणार, आणि भावोजी टेबलाच्या टोकाला बसून वांग्याचे काप खाणार. समुद्रातल्या माशांबद्दल त्यांना आदर नव्हता. "त्यांना काय, पाणीच पाणी," म्हणायचे. ट्राउट मिळालाच तर ते तो क्षणभर ओल्या हातात धरून परत सोडणार होते. ताई विचारायच्या, "सोडायचाच तर धरायचा कशाला?" यावर भावोजी इतके दुखावल्यासारखे बघायचे की त्या पुढचा प्रश्न गिळायच्या. त्यांच्या खिशात कायम थर्मामीटर असायचा. जेवताना तो हळूच एखाद्या वाटीत बुडायचा. एकदा माझ्या फ्रिजमधून काढलेल्या सोलकढीत घातला आणि म्हणाले, "वा वहिनी, यात ट्राउट आरामात जगेल." स्वयंपाकाचं त्यांच्याकडून मिळालेलं हे एकमेव कौतुक. एका संक्रांतीला ताईंकडे हळदीकुंकू होतं. बायका वाण घेऊन निघताना एकीला हात धुवायचे होते, म्हणून तिने न्हाणीघराचं दार ढकललं, तर आत भावोजी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, बर्फाने भरलेल्या टबात उभे. पायांना सवय करत होते. त्यांनी तिथूनच नमस्कार केला. ताईंनी पुढच्या वर्षी हळदीकुंकू आमच्याकडे, वादी कबीर भागातल्या घरी ठेवलं.

हिवाळ्यात दर शुक्रवारी सकाळी ते घरामागच्या वादीत उतरून सराव करायचे. वादी एरवी कोरडीच. पाणी येतं ते पाऊस झाला तर, नाहीतर गोटे आणि धूळ. त्या गोट्यांवर भावोजी कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून उभे राहायचे, दोरीच्या टोकाला गळाऐवजी लाल लोकर, आणि दोरी डोक्यावरून मागे-पुढे सोडत राहायचे. जवळच एक म्हातारा ओमानी शेजारी पिकअप उभी करून, दार उघडं टाकून, कॉफी पीत त्यांच्याकडे बघायचा. पहिल्यांदा त्याने विचारलं, "समक?" समक म्हणजे मासा. भावोजींना तेवढं अरबी येत होतं. ते म्हणाले, "इन्शाल्ला." देवाची इच्छा असेल तर. म्हाताऱ्याने मान डोलावली. तेव्हापासून दर शुक्रवारी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. मला मात्र तो शब्द सोसत नाही. मी शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळते. सकाळी ड्रायव्हरला "गाडी वेळेवर पोचेल का?" विचारलं आणि तो "इन्शाल्ला" म्हणाला, की मी म्हणते, "ते राहू दे. हो की नाही?" भावोजींनाही मी एकदा म्हटलं, "माशाचं हो की नाही, ते एकदा ठरवा."

कारण तो 'हो' कधी येत नव्हता. हिमाचलातली एक नदी त्यांनी मनाशी धरून ठेवली होती. पण रजेत कधी त्यांच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं, कधी पुण्यातल्या फ्लॅटचा ताबा, कधी पुतणीचं लग्न. लग्नंसुद्धा मेली सगळी डिसेंबरातच. मग ते इथूनच नदीवर लक्ष ठेवायचे. तिथली हवा, पाऊस, वर पडलेला बर्फ मोबाइलवर बघून पाण्याचं तापमान काढायचे आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे: "पाणी पाच अंश. स्वच्छ. वारा नाही. मासा तळाशी. ऊन पाण्यावर आल्याशिवाय उतरू नये." वर्षानुवर्षं, हिवाळाभर, रोज. माझ्या मुलीने विचारलं होतं, "ममा, व्हू इज गोइंग?" कोणीच जात नव्हतं. सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला होता. मीही.

गेल्या डिसेंबरात मात्र निघालो. फेब्रुवारीअखेर भावोजींचा व्हिसा संपणार होता, साठी झाली होती, कंपनीने निरोपाचा केक कधी कापायचा तेही ठरवलं होतं. थंडीतली ही शेवटची रजा. भावोजी मला म्हणाले, "वहिनी, एकच मासा. मग मी या विषयावर बोलणार नाही." एवढ्या आमिषावर मी आणि माझा नवराही तयार झालो. विमान, रेल्वे, मग वळणांचा रस्ता, ताईंना तीनदा उलटी. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत, पडदाही न उघडता, भावोजींनी जाहीर केलं, "पाणी साडेचार अंश." ऊन खाली उतरेपर्यंत त्यांनी आम्हाला चहावर चहा पाजले. मग बूट, काठी, माश्यांचा डबा घेऊन आम्ही परवाना काढायला मासेमारी खात्याच्या चौकीवर गेलो. आत एक माणूस शेगडीवर हात शेकत होता. त्याने भावोजींच्या बुटांकडे बघितलं, मग काठीकडे, आणि उठून उभा राहिला.

"साब, अभी तो बंद है."

"कितने बजे खुलेगा?"

"मार्च में, साब. नवंबर से फरवरी बंद रहता है. मछली अंडे देती है ना."

तो बिचारा अवघडला. "फोन कर लेते, साब," म्हणाला. फोन! परदेशातल्या कुठल्या नदीत थंडीत कोणत्या रंगाची माशी चालते, हे भावोजींना पाठ होतं. आपली नदी थंडीत उघडी असते का, हे त्यांनी कोणाला विचारलंच नव्हतं. रजा होती म्हणजे नदी असणारच, असं ते धरून चालले होते. ताईंचा संताप बाहेर आला. "थर्मामीटर आणला, बूट आणले, बायको आणली! विचारून तेवढं यायचं राहिलं." भावोजी म्हणाले, "अंडी घालतात ते मला माहीत होतं गं. बंद असेल हे डोक्यातच आलं नाही."

त्या माणसाने आम्हाला काठापर्यंत जाऊ दिलं. काठी चौकीतच ठेवावी लागली. भावोजींनी पाण्यात थर्मामीटर धरला. साडेचार. माझ्या नवऱ्याने उगाच टाळी वाजवली आणि मग हात खिशात घातले. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाचे गोटे मोजावेत. भावोजींनी बोट दाखवलं, "वहिनी, तो मोठा दगड. त्याच्या मागे, प्रवाह मंद होतो तिथे." मी बघितलं. तिथे एक मासा होता. तपकिरी, अंगावर ठिपके, शेपूट जेमतेम हलतेय. त्यांनी सांगितलं होतं अगदी तिथेच, तसाच. भावोजी कितीतरी वेळ उभे राहिले. शेवटी ताईच म्हणाल्या, "चला हो आता, पाय गारठतील." ते म्हणाले, "सवय आहे."

मस्कतला परत आल्यावर ग्रुपवरचे संदेश थांबले. इतकी वर्षं ज्याला कंटाळले होते ते थांबलं तर बरं वाटायला हवं होतं. मी ग्रुपचा म्यूट काढून बघितलं, माझ्याच फोनचा काही घोटाळा नाही ना. घोटाळा नव्हता. फेब्रुवारीत सामान बांधायला मी अल अमेरातला गेले, तेव्हा मला न राहवून मी म्हटलं, "भावोजी, आता तर तुम्ही मोकळे. कसली रजा नि कसलं काय. मार्च उजाडला की जा. नदी उघडी, तुम्ही रिकामे." ते माश्यांच्या डब्याला चिकटपट्टी लावत होते. वर न बघता म्हणाले, "मार्चचं पाणी मला माहीत नाही, वहिनी. बर्फ वितळतो, पाणी वाढतं, मासा जागा सोडून हिंडायला लागतो. मी थंडीतलाच अभ्यास केलाय."

"मग करा आता मार्चचा."

"या वयात?"

मी भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत बसले.

शेवटच्या शुक्रवारी मी आणि ते कचऱ्याच्या पिशव्या टाकायला वादीच्या बाजूला गेलो. म्हातारा पिकअपमध्ये होताच. भावोजींच्या हातात काठी नव्हती, पण त्याने विचारलं, "समक?" भावोजी थांबले आणि म्हणाले, "खलास." म्हाताऱ्याने हात लांब करून ते कोरडं पात्र, ते गोटे दाखवले, आभाळाकडे बोट केलं आणि म्हणाला, "मतर." मतर म्हणजे पाऊस. मग स्वतःच म्हणाला, "इन्शाल्ला." तेव्हा मला कळलं की इतकी वर्षं हा गृहस्थ भावोजींना वेडा समजत नव्हता. त्याच्या दृष्टीने यांचं सगळं बरोबर होतं, अडलं होतं फक्त पावसाचं. भावोजींनाही ते कळलं असावं. ते पात्राकडे बघत म्हणाले, "पाऊस झाला तरी पहिले दोन दिवस गढूळ असतं हो. तिसऱ्या दिवशी बघायला हवं." हे मराठीत. म्हाताऱ्याने मान डोलावली.

ते दोघं पुण्याला गेले. भावोजी बरे आहेत, सकाळी फिरायला जातात, असं ताई सांगतात. काठी माळ्यावर आहे. मार्च अर्धा सरला, ग्रुपवर वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे काही नसतं. काल फ्लॅटच्या किल्ल्या मालकाला द्यायला मी अल अमेरातला गेले होते. परतताना वादीच्या कडेला ती पिकअप दिसली. म्हाताऱ्याने मला ओळखलं, हात केला. मी काच खाली घेतली. त्याने माझ्या गाडीत मागच्या सीटपर्यंत नजर टाकली, तिथे कोणी नाही ते बघितलं आणि विचारलं, "समक?"

"नाही" म्हणायचा अरबी शब्द मला येतो. रोज वापरते.

"इन्शाल्ला," मी म्हटलं.