विहीणबाईंची मऊ पातळं

माझ्या विहीणबाई चंद्रपूरला राहतात. दवाखान्यात नर्स होत्या, आता रिटायर आहेत. बाई स्वभावाने चांगली, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तरी त्यांचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं, आणि त्याला कारण त्यांची जुनी सुती पातळं. हसायचं तर हसा.

आमच्याकडे जन्मलेल्या बाळाच्या अंगाला सुरुवातीला नवं कापड लावत नाहीत. घरातल्या वयस्क बाईचं वापरून वापरून मऊ झालेलं पातळ फाडायचं. त्याचीच दुपटी, त्याचेच लंगोट, आणि उरलेल्याच्या घड्या घालून गोधडी. माझी लेक माझ्या आईच्या पातळावर वाढली. तिला दिवस गेले तेव्हा बाळंतपण माहेरी करायचं ठरलं, म्हणजे पातळ माझं लागणार. हा मान माझाच, असं मी धरून चालले होते.

आणि मी कोण? बचत गटात सगळ्यांना सांगत फिरणारी, की काही टाकू नका, सगळ्याचा काही ना काही उपयोग असतो. पोंभुर्ण्याच्या बाजारात कापडी पिशवी घेऊन जाणारी. शहरातल्या बायका कपाट भरतात आणि पुन्हा रिकामं करतात, हे मी विहीणबाईंना ऐकू जाईल अशा बेताने एकदोनदा बोललेही होते.

लेकीचे दिवस भरत आले तशी मी पेटी उघडली. वरपासून खालपर्यंत सगळी सिंथेटिक पातळं. घडीभरात वाळणारी, इस्त्री न लागणारी, जन्मात न फाटणारी. विहारात जायचं पांढरं पातळसुद्धा तसलंच. स्वतःच्या वावरात कापूस वेचणारी बाई मी, आणि माझ्या पेटीत कापसाचा धागा नव्हता.

सुती पातळं होती एकेकाळी. ती मीच कुंपणाला बांधली. आमच्याकडे जंगलातून रानडुकरं येतात. वावराभोवती जुनी पातळं ताणून बांधली की ती बिचकतात. सगळेच बांधतात. मी आपली व्यवहारी, म्हणून विरलेलं, मऊ झालेलं कापड कुंपणाला आणि टणक ते अंगाला. सुती होती ती पावसाने कुजून, वाळवीने खाऊन मातीत गेली. त्यानंतर बांधलेली सिंथेटिक पातळं मात्र रंग उडाला तरी मरत नाहीत. नांगरताना अजून त्यांच्या चिंध्या फाळाला अडकतात.

तरी मी हट्टाने त्यातल्या त्यात मऊ पातळाची गोधडी शिवली. नात दवाखान्यातून घरी आली, तिला त्या गोधडीवर निजवलं. चार दिवसांत तिच्या पाठीवर घामोळ्या उठल्या.

"आई, हे पानीच पीत नाई," लेक म्हणाली. "पोरगी भिजून राह्यली."

"तुह्या वेळी असं काही झालं नोतं."

"माह्या वेळी आजीचं पातळ होतं."

खरंच होतं ते, म्हणून जास्त झोंबलं.

बारशाला विहीणबाई आल्या त्या हातात भलंमोठं गाठोडं घेऊन. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी पांढरं सुती पातळ नेसलेलं, रोज धुतलेलं, आणि एकही टाकलेलं नव्हतं. हे कपाट रिकामं करणाऱ्या शहरातल्या बाईचं गाठोडं.

"विहीनबाई," त्या म्हणाल्या, "मले गोधडी शिवता येत नाई. तुमचा टाका लय बारीक. तुमीच शिवा."

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. पण बाई मनापासून बोलत होती. मी गाठोड्यात हात घातला. कापड इतकं मऊ होतं की माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गोधडी मी शिवली, पण दोरा मुद्दाम लाल घेतला. कापड कोणाचं का असेना, टाका माझा आहे हे उठून दिसायला हवं होतं. घामोळ्या आठवड्यात गेल्या. त्याचासुद्धा मला राग आला.

मग मी बाजारातून एक जाडंभरडं सुती पातळ आणलं आणि नेसायला लागले. निंदणाला तेच, वेचणीला तेच. नदीवर नेऊन दगडावर आपटून आपटून धुवायचं आणि वाळलं की पुन्हा नेसायचं. बाया विचारायच्या, "काऊन वो बाई, रोज तेच पातळ?" मी म्हणायची, आवडते मले. खरं तर मी त्याला झिजवत होते. नवं आणायला दोन घटकाही लागल्या नव्हत्या, मऊ करायला मात्र अख्खा हंगाम माझ्या घामात गेला. नात वाढत होती आणि पातळ काही वेळेवर मऊ होत नव्हतं.

शेवटी झालं. तोवर नात भिंतीला धरून उभी राहायला लागली होती. लेक माहेरी आली, तिने गोधडी माझ्यापुढे टाकली. विहीणबाईंची पातळं जागोजागी विरली होती.

"आई, थिगळं लाव याले."

मी इतक्या आनंदाने कधी कात्री उचलली नसेल. माझं पातळ फाडलं. विरलेल्या जागी थिगळ लावलं, मग जी जागा अजून विरायची होती तिथंही लावलं. गोधडीची एक बाजू जवळजवळ पूर्ण माझी झाली. एका कोपऱ्यापाशी कापड संपलं, तेवढा विहीणबाईंचा राहिला.

दुपारी मी नातीला त्या गोधडीवर निजवलं. ती रडायला लागली. या कुशीवरून त्या कुशीवर झाली, हाताने चाचपत राहिली. मी थोपटलं, गाणं म्हटलं, काही उपयोग नाही. मग सरपटत सरपटत ती त्या उरलेल्या कोपऱ्यापाशी गेली, तो मुठीत धरला, गालाखाली घेतला आणि लगेच झोपली.

"तिले तोच लागते," लेक हळूच म्हणाली. "त्याले हात नको लावू आता."

"नाई लावत," मी म्हटलं.

विहीणबाई तिकडे चंद्रपुरात होत्या, आणि माझी नात माझ्या घरात, माझ्या पातळावर, त्यांना धरून झोपली होती.