उंबराखालचा शेंदूर

तो दगड मी चांगला ओळखत होते. गटाराचं काम संपल्यावर रस्त्याकडेला पडलेला. आम्ही चौघींनी तो ढकलत आणून उंबराच्या रोपाला आडोसा म्हणून ठेवला होता, आणि आणताना तो माझ्या अंगठ्यावर पडला होता. त्यामुळे एका सकाळी बादली घेऊन गेले आणि त्याला शेंदूर फासलेला दिसला, तेव्हा हात काही जोडले गेले नाहीत. हे कोणी केलं, एवढंच मनात आलं.

ऐंशीच्या दशकातलं मुलुंड. आमच्या वसाहतीमागचा मोकळा तुकडा पालिकेच्या नकाशात बगीचा होता, प्रत्यक्षात ट्रकवाल्यांची राडारोडा टाकायची जागा. आम्ही काही जणी आणि तळमजल्यावरचे एक निवृत्त काका, अशांनी मिळून तो साफ केला होता. तगर, कढीलिंब, बदाम लावले. नळाला पाणी कमी, म्हणून तांदूळ आणि भाज्या धुतलेलं पाणी घराघरातून बादलीने न्यायचो.

फाटकाजवळची अशीच एक जागा माझ्या डोळ्यांदेखत गेली होती. आधी शेंदूर, मग चार विटा, मग पत्रा, मग समिती. मुलं खेळायला गेली की हाकलून लावत. आमच्या तुकड्याचं तेच होणार, याची मला खात्री वाटली.

संशय काकांवर. सकाळी सगळ्यांच्या आधी तेच यायचे. उंबर ट्रक वळतो त्याच कोपऱ्यात लावायचा, हा हट्टही त्यांचाच.

"काका, दगडाला शेंदूर कोणी लावला?"

"मला काय विचारता, वहिनी? दगड तुम्ही आणलात."

"दगड आणला. देव नाही आणला."

"असू दे ना. तुमचं काही खातोय का?"

पुढचे तीन आठवडे मी पाळत ठेवली. हाती काही लागलं नाही. शेवटी रॉकेलचा बोळा घेऊन खाली उतरले. शेजारीण जिन्यातच आडवी आली. "अगं, हात नको लावूस हं! तुझ्याकडे दहावीचं वर्ष आहे."

"दहावीचा पेपर मुलगी लिहिणार आहे, दगड नाही," म्हटलं आणि घासून लख्ख केला.

दोन दिवसांनी सकाळी पाहते तर तगरीच्या रांगेवर फुटक्या फरशा आणि सिमेंटची ढेकळं. अख्खा ट्रक रिकामा केलेला. शेंदूर होता ते तीन आठवडे मात्र एकही ट्रक आला नव्हता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

काका घमेलं घेऊन उभेच होते. "ड्रायव्हर पालिकेच्या पाटीला घाबरत नाही, वहिनी. याला घाबरतो."

"म्हणजे तुम्हीच! मग विचारलं तेव्हा बोलला का नाहीत?"

"सगळ्यांना सांगितलं असतं, तर त्याला कोण घाबरलं असतं?"

"आणि उद्या कोणी विटा आणल्या तर?"

काका खाली वाकून ढेकळं भरू लागले. मीही पदर खोचला. दोन दिवस उपसत होतो. तगरीची चारच रोपं वाचली.

मग मी वाण्याकडून शेंदूर आणला, तेलात कालवला आणि दगडाला स्वतःच्या हाताने फासला. शेजारीण गॅलरीतून ओरडली, "काय गं, पावला वाटतं!"

"मला नको, ट्रकवाल्याला पावू दे!"

ट्रक पुन्हा आला नाही. पण दगडापुढे उदबत्त्या दिसू लागल्या. मग उंबराला एक पितळी घंटा टांगली गेली, ती मी काढली. आणि एका सकाळी दगडामागे चार विटा, एकावर एक नीट रचलेल्या.

मी त्या दोन-दोन करून उचलल्या आणि कढीलिंबाच्या आळ्याभोवती मातीत गाडल्या. काका करंगळीएवढ्या बारीक धारेने बदामाला पाणी घालत होते. त्यांनी विटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आळं छान दिसतंय," म्हणाले.

विटा त्यांनीच आणल्या होत्या का, ते मला अजून माहीत नाही. दुसऱ्या दिवसापासून पाणी घालायला मी त्यांच्या आधी जाऊ लागले.