सांगून पाजलेलं दूध

बाळंतपणाच्या रजेवर जाण्यापूर्वी चंद्रपूरच्या कॉलेजात मी शेवटचा तास घेतला तो पेशींच्या पुड्यांवर. पेशी आपल्याच आवरणाची एक बारीकशी पुडी बांधते, आत निरोप भरते आणि बाहेर सोडते. दुसरी पेशी ती उघडते आणि कधीकधी त्याप्रमाणे वागूही लागते. आईच्या दुधात अशा पुड्या अगणित असतात, बाळाच्या आतड्याला त्या काहीबाही शिकवत असाव्यात, असं सांगताना माझा हात पोटावर गेला. पोरी हसल्या. मीही मिरवून घेतलं.

मग मुलगा झाला आणि मला दूधच पुरेना.

बल्लारपूरला आमचं घर वर आणि सासऱ्यांचा सुतारकीचा कारखाना खाली. लाकूड कापायचं कटर चालू असलं की रडणं झाकलं जाई. दुपारी कारागीर डबे उघडायला बसत, मशीन बंद होई, आणि ते भुकेलं रडणं सगळ्यांना ऐकू जाई. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. डॉक्टरांनी दुधाच्या पावडरी बदलून पाहिल्या, पण वरचं दूध तो ओकून टाकी. वजन घटत होतं. पुड्यांवर तास घेणारी बाई, आणि घरात पोर उपाशी!

मोठ्या जावेची मुलगी अजून अंगावर पीत होती. ही भाभी सिंदेवाहीकडची, तोंडानं मोकळी. एका दुपारी तिनं सरळ हात पुढे केले.

"दे इकडं. काऊन उपाशी ठेवून राह्यली त्याले?"

मी दाराला कडी लावली. "पाजा भाभी. पण कोणाला सांगू नका."

तिनं हात मागे घेतले. "लपूनछपून नाई चालत. मी पाजलं की हा माह्या पोरीचा भाऊ झाला. उद्या कोणी या दोघायचंच लगन जुळवलं तं? सगळ्यायले सांगा लागते. तूच सांग."

आम्हा मुसलमानांत चुलत भावंडांची लग्नं होतात. एका आईचं दूध प्यायले की मात्र नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक, पण ते माझ्याच अब्रूवर येईल असं वाटलं नव्हतं. भाभीचा भयंकर राग आला. पण पोराचा आवाजही बसला होता, नुसते ओठ हलत होते. मी त्याला तिच्याजवळ दिलं आणि कडी काढली.

बाहेर सासरे जेवत होते, सासूबाई, म्हणजे अम्मी, वाढत होत्या.

"माझं दूध त्याला पुरत नाही," मी म्हणाले. "आजपासून भाभी पाजतील."

"आधी काऊन नाई बोलली, बेटा?" एवढंच म्हणून अम्मी शेजारी सांगायला निघाल्यासुद्धा.

आत भाभीच्या ओढणीआड तो घटाघटा पीत होता. मला आनंद झाला, खोटं नाही. पण त्यानं मध्येच थांबून एकदा तरी माझ्यासाठी रडावं, असंही वाटलं. असं वाटल्याची जी लाज वाटली, ती मात्र मी कोणालाच सांगितली नाही.