बर्फावरची गाडी गार असताना बघावी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मी बायकोच्या डोक्याला कलप लावला. मागच्या बाजूला तिचा हात पोचत नव्हता, म्हणून महिन्यातून एकदा ते काम माझ्याकडं असायचं. ती न्हाणीघरात स्टुलावर बसली होती आणि मी जुना टूथब्रश घेऊन मागं उभा. फरशीवर दोन थेंब पडले तर म्हणाली, "अहो, स्कूटर रंगवताय का? घरमालकाला पोरीनं काय सांगायचं?" मी म्हटलं, स्कूटर बरी, गप उभी राहते.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेथी निवडता निवडता खुर्चीतच गेली. शवपेटीत ठेवली तेव्हा केस काळेभोर होते. पोरीच्या कामावरची एक जर्मन बाई तिला म्हणाली, तुझी आई फारच तरुण होती गं. ती एकोणसत्तरची होती. मला तिथंही हसू आलं. पोरीनं माझा दंड दाबला.

हे जर्मनीत येनामध्ये झालं, मागच्या ऑगस्टात. पोरगी इथं भिंगांवर संशोधन करते. आउसलेंडरबेहोर्डे म्हणून परदेशी लोकांची कचेरी आहे, तिथं खेपा घालून तिनं आम्हा दोघांचे कागद केले आणि आम्हाला आणलं. मी सातवी नापास. कराडजवळ चाळीस वर्षं स्कूटरी दुरुस्त केल्या, तेवढंच येतं.

ती गेल्यावर मी खिडकीत बसायचो. पोरगी म्हणायची, बाबा, फिरायला तरी जा. कुठं जाणार? मग खालच्या मजल्यावरचा म्हातारा मला ओढून बाहेर काढायला लागला. माझ्याच वयाचा. कारखान्यात प्रेसवर काम करून त्याचे कान गेलेले. तो बहिरा आणि मला भाषा धड येत नाही, त्यामुळं आमचं चांगलं जमलं. मी त्याला हेर नाखबार म्हणतो, म्हणजे शेजारीबुवा. तो मला मायस्टर म्हणतो, म्हणजे मिस्त्री. त्याचं जे बोलणं पुढं येतं ते मी माझ्या समजुतीनं मराठीत घातलं आहे. चुकलं असलं तर तो काही वाचायला येणार नाही.

या माणसाला एक वेड आहे. दर फेब्रुवारीत त्याला स्वीडनच्या वरच्या टोकाला जायचं असतं. तिथं तळ्याकाठी त्याच्या मेव्हण्याची लाकडी खोली आहे. तळं गोठतं, हा गिरमिटानं त्याला भोक पाडतो आणि त्यात गळ सोडून दिवसभर स्टुलावर बसतो. उरलेल्या दिवशी जंगलातल्या आखलेल्या वाटांवरून हिंडतो. या सगळ्याला बर्फावरची गाडी लागते. स्नोमोबिल. पुढं दोन पाट्या, मागं रणगाड्यासारखा रबरी पट्टा, मधे सीट. तीन वर्षांमागं त्याची गाडी भर तळ्यात बंद पडली आणि हा सहा तास चालत आला. डाव्या पायाची दोन बोटं कापावी लागली. त्यानं मला मोजा काढून दाखवली, जशी काही बक्षिसाची ढाल.

त्यानंतर बायकोनं त्याला जाऊ दिलं नव्हतं. या जानेवारीत तीच केक घेऊन वर आली. टेबलावर ठेवला आणि लहान मुलाला सांगावं तसं हळूहळू म्हणाली, "तो सेकंडहँड गाडी बघायला चाललाय. त्याला इंजिन ऐकू येत नाही. तुम्हाला येतं. तुम्ही हो म्हणालात तरच घ्यायची. मार्चमध्ये मला तो घरी हवा आहे."

मी म्हणालो, या, या. इथं हो ला 'या' म्हणतात. ती गेली आणि मला घाम फुटला. स्नोमोबिल मी जन्मात बघितलं नव्हतं, आणि या बाईनं नवरा माझ्या पदरात टाकला.

थुरिंगियाच्या जंगलात वर एका गावात विकणारा राहत होता. हेर नाखबारच्या मोटारीला मागं ट्रेलर जोडून आम्ही गेलो. दांडगा माणूस, गालावर लाली, हसरा. विकणारा हसरा असला की मी आधी खिसा दाबतो. तो हिवाळ्यात स्कीच्या वाटा दाबून द्यायचं काम करायचा, म्हणून त्याच्याकडं अशा गाड्या. शेडमध्ये दोन उभ्या होत्या. एक काळी-हिरवी, नाकाड पुढं, नवरदेवाच्या घोड्यासारखी चमकत. दुसरी पिवळी, सीटला चिकटपट्टी, मागं सामान ठेवायला लोखंडी जाळी.

हेर नाखबार सरळ काळीवर जाऊन बसला. हँडल धरून पुढं वाकला. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस.

मी बॉनेट उघडायला लावलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आत टू-स्ट्रोक इंजिन. पेट्रोलमध्ये ऑइल, तोच वास, तोच प्लग. चाळीस वर्षं हेच तर हुंगलं. पिवळीचं वाऱ्यानं गार होणारं, काळीचं पाण्यानं. पाण्याच्या गाडीला खालून सुटा बर्फ उडत राहावा लागतो, तरच ती गार राहते. नुसत्या कडक बर्फावर हळू चालवली की तापते. हे मला हेर नाखबारनंच महिन्याभरापूर्वी हातवारे करून शिकवलं होतं. आता तो काळीवर बसून ते सगळं विसरला.

विकणाऱ्यानं बटण दाबलं. काळी एका झटक्यात सुरू. आवाज गोड, मी खोटं बोलणार नाही. हेर नाखबारनं सीटवर तळवा टेकला आणि माझ्याकडं बघून मान डोलावली, जसं मीच वाजवतोय.

मी इंजिन बंद करायला लावून बॉनेटखाली वाकलो. कडेचे पाण्याचे नळ हाताला चटका देत होते. दोन मिनिटं चाललेल्या इंजिनाचे नळ असे तापत नाहीत.

"वार्म," मी म्हणालो.

"आत्ता बाहेर काढून परत आत लावली," विकणारा म्हणाला.

बाहेर बर्फावर पट्ट्याची एकही चाकोरी नव्हती.

माझ्या सासऱ्यांचा म्हशींचा व्यापार होता. लग्न झाल्यावर मी पहिली जुनी स्कूटर विकत घ्यायला निघालो तेव्हा बायको म्हणाली होती, "विकणारा आदल्या दिवशी म्हैस पिळत नाही. कास तुंबवतो आणि बाजारात उभी करतो. बघणारा भुलतो. आमचे आप्पा त्याच्याच गोठ्यात मुक्काम करायचे आणि सकाळची दुसरी धार बघून मग बोलायचे. तुम्हीपण सकाळी जावा." मी तेव्हा चोवीस-पंचवीसचा. म्हटलं, तुला काय कळतं स्कूटरमधलं. त्याच दिवशी घेतली. चार महिने रोज ढकलत सुरू केली, आणि ढकलायला तीच यायची. एकदाही बोलून दाखवलं नाही. नुसती हसायची, ते जास्त लागायचं.

मी विकणाऱ्याला सांगितलं, उद्या सकाळी. दोन्ही गार. हात लावायचा नाही.

तो म्हणाला, संध्याकाळी दुसरं गिऱ्हाईक येणार आहे, काळी जाईल. हे हेर नाखबारला बरोबर ऐकू आलं. नको ते त्याला नेहमी ऐकू येतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मायस्टर, उगाच हातची जाईल. एका झटक्यात लागली की."

"तळ्यात तुझ्या आधी कोण तापवून ठेवणार? मासे?"

"तू फार संशयी आहेस."

"तुझी बोटं किती राहिली? मोज."

तो फुगला. आम्ही गावातच एका पेन्सिओनमध्ये, म्हणजे घरगुती लॉजमध्ये, खोली घेतली. जेवणात बटाट्याचे गोळे आणि रस्सा होता. त्यानं अर्धं जेवण माझ्याकडं बघितलं नाही आणि मग माझा उरलेला गोळा न विचारता खाल्ला, तेव्हा कळलं की राग गेला. बायको गेल्यावर मी पहिल्यांदाच घराबाहेर झोपलो आणि पहिल्यांदाच चांगली झोप लागली. हे पोरीला सांगितलं नाही.

विकणाऱ्यानं आठची वेळ दिली होती. मी हेर नाखबारला पावणेसातलाच हलवून उठवलं. "आठ म्हणाला तो," तो कुरकुरला. मी म्हटलं, सकाळची धार आठला कोण काढतं? त्याला काही कळलं नाही, पण बूट घातले.

आम्ही शेडपाशी पोचलो तर विकणारा समोरून येत होता. अंगात पायजमा, वर जाकीट, एका हातात गरम हवा फेकणारा पंखा आणि दुसऱ्या हातात त्याची वायर. थबकला. मी म्हटलं, गुटन मोर्गन. तो म्हणाला, शेडमध्ये थंडी असते, तुमच्यासाठीच आणत होतो. मी म्हटलं, आम्हाला थंडी आवडते.

हातमोजा काढून मी दोन्ही इंजिनांवर तळवा ठेवला. दगडासारखी गार. बाहेर उणे अकरा होतं.

काळीचं बटण दाबलं. कुईंकुईं केलं, एकदा शिंकली, परत गप. पाच-सहा वेळा झालं आणि बॅटरीही दमली. तिला ओढायची दोरीच नव्हती. विकणाऱ्यानं खिशातून इंजिन चेतवायच्या फवाऱ्याची बाटली काढली. मी त्याचा हात धरला आणि त्याला पिवळीकडं वळवलं.

पिवळीला मी बटण लावूच दिलं नाही. दोरी ओढली. एक, दोन, तिसऱ्याला लागली. आधी धूर, मग धडधड, मग सावकाश एका लयीत. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. एक बेअरिंग जरा कुरकुरत होतं, जीवघेणं नव्हे. बंद करून प्लग काढला. विटकरी रंग, जसा असावा तसा. दोरी मात्र मुठीजवळ झिजलेली. विकणाऱ्याकडून नवी मागितली, जुनी काढून ती ओवली आणि गाठ मारली.

हेर नाखबार काळीकडं बघत उभा होता.

"रूप बघायचं असेल तर घरी जा," मी म्हणालो. "परत यायचं असेल तर हिच्यावर बस."

तो बसला. मी त्याला लगेच जाऊ दिलं नाही. इंजिन परत गार होईपर्यंत दीड तास आम्ही तिथंच कॉफी पीत उभे राहिलो, आणि मग दोरी त्याला ओढायला लावली, जाड हातमोजे घालून, कारण तळ्यात ओढणारा तो होता. पहिल्यांदा जमली नाही. चौथ्याला लागली. बंद केली, परत ओढायला लावली. विकणारा म्हणाला, पुरे की आता. मी म्हटलं, तू पायजमा बदलून ये.

मग मी हेर नाखबारच्या बायकोला फोन लावला. ती लगेच म्हणाली, "काय?"

माझ्याकडं जेवढं जर्मन होतं तेवढं वापरलं. म्हटलं, "गाडी चांगली. तुमचा माणूस येडा. पण गाडी चांगली."

ती हसली. मग म्हणाली, "दुपारी जेवायला दोघं या."

मी या म्हणालो आणि पिवळीला ट्रेलरवर चढवून पट्टे आवळले.