हुलीला न फसणारी

रविवारी दुपारी आम्ही आयर्लंडमधल्या मलिंगारच्या आसपासच्या खेड्यांत फुटबॉल बघायला जायचो. म्हणजे बायको बघायची आणि मी गाडीत पुस्तक वाचत बसायचो. इथला फुटबॉल वेगळा. चेंडू हातात धरता येतो, पायाने वर उडवून पुन्हा झेलता येतो, आणि गोलाच्या आडव्या दांडीवरून मारला तरी एक गुण मिळतो. इतकं तिने मला समजावलं होतं. त्यापुढचं समजावण्याचा नाद तिने सोडून दिला होता. पावसाचा सपकारा काचेवर आला की मी वायपर फिरवून बाहेर बघायचो. ती कठड्याला रेलून उभी असायची, आणि सगळी माणसं चेंडू जाईल तिकडे माना वळवत असताना हिची मान भलतीकडेच असायची.

ती सातारा जिल्ह्यातली, खो-खो खेळत वाढलेली. लग्नानंतर पुण्यात आली आणि मग माझ्या नोकरीपायी आयर्लंडला. इथल्या एका लहानशा कॉलेजात तिला क्रीडा विभागात अर्धवेळ काम मिळालं. मैदानाच्या वेळा लावायच्या, जर्सी धुवायला टाकायच्या, असलं काम. मुलींच्या फुटबॉल संघाला प्रशिक्षक मिळेना, म्हणून एका वर्षी तो संघ तिच्या गळ्यात पडला. मिळेना याचं कारण साधं होतं. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, संघात निवड झालेल्या मुलींना डब्लिनची, गॉलवेची मोठी विद्यापीठं शिष्यवृत्ती देऊन घेऊन जातात. आमच्याकडे उरायच्या त्या घराजवळ राहणं भाग असलेल्या, कॉलेज सुटलं की सुपरमार्केटच्या गल्ल्यावर बसणाऱ्या, आजोबांना सांभाळणाऱ्या. त्यातल्या कित्येकींना तू चांगलं खेळतेस बरं का, असं कोणी कधी म्हटलेलंच नसायचं. बायको त्यांना शोधत फिरायची. गावोगावच्या क्लबांच्या दुसऱ्या फळीचे सामने असतात. तिथे प्रेक्षक म्हणजे खेळणाऱ्यांचे आईबाप आणि एखादं भिजलेलं कुत्रं.

ती मुलगी तिला अशाच एका सामन्यात सापडली. त्या दिवशी बायकोने गाडीची काच ठोठावली आणि मला बाहेर ओढलं.

"ती मुलगी बघ."

"कुठली?"

"सगळे जिला शिव्या देतायत ती."

गोलासमोर एक आडव्या हाडाची, लाल गालांची मुलगी उभी होती. आमच्या शेजारी तिचा काका ओरडत होता. तुला काय पोस्टाची पेटी म्हणून उभं केलंय का तिथं, असं काहीतरी. लोक हसत होते. मलाही ती मुलगी नुसती उभी असलेलीच दिसली. बायको म्हणाली, नीट बघ, समोरची डावीकडे झुकली, आता उजवीकडे जाणार. झुकण्याला बाकीच्या तिघी फसल्या, धावत गेल्या. ही हलली नाही, कारण तिला हलायची गरज नव्हती. चेंडू आपण होऊन तिच्या छातीवर आला. "हुलीला फसत नाही ती," बायको म्हणाली. "हे शिकवून येत नाही. आमच्याकडे खो-खोला असती तर आठ-आठ जणींना दमवलं असतं हिने."

सामन्यानंतर ती त्या मुलीशी बोलायला गेली, तेव्हा मी मागे छत्री धरून उभा होतो. कुठल्या कॉलेजात आहेस, असं विचारल्यावर मुलगी म्हणाली, तुमच्याच. तुम्ही आम्हाला व्यायामशाळेची किल्ली देता की. मग निवड चाचणीला का आली नाहीस? मुलीने खांदे उडवले.

"मला कोण घेणार?"

"मी," बायको म्हणाली.

त्या हिवाळ्यात तिने आयरिश मुलींना चिखलात उकिडवं बसवलं. एक इकडे तोंड करून, एक तिकडे, जशा खो-खोच्या पाटीवर बसतात तशा. पाठीवर थाप मारून खो द्यायचा, उठून पळायचं, दिशा बदलायची नाही. मुली हसून लोळायच्या. एक म्हणाली, आम्ही फुटबॉल खेळायला आलोय की बटाटे लावायला? पण येत राहिल्या. कोच म्हणू नका, ताई म्हणा, असं तिने सांगितलं होतं. मी कधी मैदानाच्या कडेला पुस्तक घेऊन दिसलो की त्या माझा उल्लेख पुस्तकवाला बाबा असा करायच्या. बायकोला त्याचं फार हसू यायचं. ती मुलगी मात्र फारशी हसायची नाही. उकिडवी बसली की तिची नजर पुढच्यांच्या गुडघ्यांवर असायची, आणि पळणारी कोणत्या बाजूला वळणार हे तिला आधीच कळायचं. वसंतापर्यंत ती संघाच्या बचावाच्या मधोमध उभी राहू लागली. काकाने ओरडणं सोडून दिलं, असं बायको सांगायची. यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र त्या गावात मिळत नाही म्हणे.

पुढच्या शरद ऋतूत बायकोच्या पोटात दुखायला लागलं. निदान झालं तेव्हा बराच उशीर झालेला होता. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. लिहायला बसलो की एका बैठकीत दोन-चार वाक्यांपलीकडे मला जाता येत नाही, आणि ती वाक्यं मला दुसऱ्या गोष्टीसाठी हवी आहेत.

संघ एका तरुण प्रशिक्षकाकडे गेला. सभ्य, मेहनती, स्वतः काउंटीसाठी खेळणारा. त्याने मुलींना अंगाला घट्ट बसणाऱ्या बंड्या आणल्या. पाठीवर दोन खांद्यांच्या मध्ये काडेपेटीएवढं यंत्र बसवलेलं असायचं. कोण किती धावलं, किती वेगाने धावलं, सगळं त्यात उमटायचं. त्या मुलीचं नाव सगळ्यात खाली आलं. तिच्या जागी दुसरी आली, सतत धावणारी, आणि ही बाकावर गेली.

रुग्णालयात पडल्या पडल्या बायकोला एवढी एकच काळजी लागून राहिली. तसं नसेलही, बाकीच्या काळज्या ती मला सांगत नसेल. पण बोलायची ती हेच. मुलगी कंटाळून सोडून देईल. एकदा सोडलं की अशा मुली परत येत नाहीत. त्यांना परत बोलवायला कोणी जातही नाही. मग तिने मला मैदानावर पाठवायला सुरुवात केली. मी सराव बघून यायचा आणि तिला सांगायचं.

"आज दहा मिनिटं घेतलं तिला," मी सांगायचो.

"तिचे पाय कुठे होते?"

"जमिनीवर."

ती हसायची, मग हसण्याने तिला दुखायचं. "अरे, चेंडू कशाला बघतोस? चेंडू सगळेच बघतात."

पुढच्या वेळी मी पाय बघायचं ठरवून जायचो. बावीस-पंचवीस मुली धावत असतात, सगळ्यांचे पाय चिखलाने माखलेले. थोड्या वेळाने मी पुन्हा चेंडूच बघत असायचो. आयुष्यभर मी पुस्तकं वाचली आहेत. चार ओळींमागे लेखकाला काय म्हणायचं नाही हे मला कळतं, निदान असं मी समजतो. पण समोर धावणाऱ्या माणसाचं मला काही म्हणजे काही वाचता येत नव्हतं. ती विचारायची, समोरची झुकली तेव्हा हिची टाच उचलली गेली का? मी म्हणायचो, लक्षात नाही. ती डोळे मिटून घ्यायची. राग नसायचा त्यात. पाठवायला दुसरं कोणी तिच्याजवळ नव्हतं, इतकंच.

एकदा तो प्रशिक्षकच तिला भेटायला आला, द्राक्षं घेऊन. तिने चादरीवर दोन बोटं उभी करून त्याला हूल कशी असते ते दाखवलं. एक बोट झुकलं, दुसरं स्थिर राहिलं. त्याने पुढे वाकून, मनापासून ऐकलं. म्हणाला, तुम्ही म्हणता ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण मला ते दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्यावर मी बाकीच्या मुलींना काय सांगू? त्या जास्त धावतात. बायकोने बोटं आवरती घेतली. तो गेल्यावर म्हणाली, "चांगला मुलगा आहे." मी म्हणालो, मी बोलू का त्याच्याशी पुन्हा?

"काय बोलशील?"

मी द्राक्षं धुऊन आणली. तिला खायची नव्हती, मीच खाल्ली.

ती फेब्रुवारीत गेली. आमच्या गावात दाहिनी नाही, तासाभराच्या अंतरावर न्यावं लागतं. रुग्णालयाच्या फाटकापाशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संघातल्या मुली जर्सी घालून उभ्या होत्या. इथे गेलेल्या माणसाला अशी मानवंदना देतात. थंडीने त्यांचे गुडघे निळे पडले होते. साताऱ्याहून सासूबाई फोनच्या पडद्यावर बघत होत्या. "एवढ्या पोरी कुणाच्या?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तिच्या संघातल्या. "सगळ्या तिकडच्याच का?" म्हटलं, हो. मग त्या म्हणाल्या, "त्यांना कुणी काही गरम द्या प्यायला." मुली एकेक करून आल्या, माझा हात हातात घेऊन इथे सांत्वनाला म्हणतात ते 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणाल्या. ती मुलगीही तेवढंच म्हणाली आणि पुढे सरकली.

तेराव्यानंतर लगेचच उपांत्य सामना आला. मी जाणार नव्हतो. पण सकाळी त्या मुलीचा फोन आला. बायको नेहमी तिला गाडीतून न्यायची, घर आडरस्त्याला आहे. तुम्ही येणार असाल तर थांबते, नाहीतर बस बघते, असं ती म्हणाली. रविवारी त्या रस्त्याला बस नसते, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही.

त्या दिवशी मी चेंडू बघितला नाही. संघ मैदानात होता, ती बाकावर होती, आणि मी बाकाकडे बघत उभा होतो. उत्तरार्धात आपल्या बाजूच्या दोघी एकाच वेळी एकीकडे धावल्या आणि मागून गोल झाला. कोणीतरी म्हणालं, कशा फसल्या बघा. तेवढं मलाही दिसलं. प्रशिक्षकाने बाकाकडे वळून त्या मुलीला हाक मारली.

ती गेली आणि गोलासमोर उभी राहिली. मी तिच्या पायांवर नजर रोवली आणि एकदाही हटवली नाही. समोरच्या संघाकडे आघाडी होती. त्यांना आता गोल करायची घाई नव्हती. चेंडू दूर, पलीकडच्या कोपऱ्यात, एकमेकींकडे देत वेळ काढत होत्या. या बाजूला कोणी आलंच नाही. ती कधी अर्धं पाऊल पुढे गेली, कधी मागे आली. ते अर्धं पाऊल बरोबर होतं का चूक, ते बघून बायको माझी बाही ओढून काही म्हणाली असती का, मला कळलं नाही. मग शिटी वाजली. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. प्रशिक्षकाने मला हात केला. मीही केला.

परतताना ती पुढच्या सीटवर बसली होती, मांडीवर चिखलाचे बूट. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, ऑस्ट्रेलियात, पर्थला मावसबहीण आहे. तिथल्या वृद्धाश्रमात काम मिळतंय. परीक्षा झाली की जाणार.

"तिकडे खेळशील?"

"बघू."

बायको असती तर इथे काय म्हणाली असती, हे मी शोधत होतो. सापडलं ते तिचंच एक वाक्य, तेच मी इंग्रजीत म्हणालो. तू हुलीला फसत नाहीस.

"माहीत आहे," ती म्हणाली. "ताई सांगायच्या. पण ते दुसऱ्या कुणाला दिसत नाही ना."

मला दिसतं, असं म्हणायचा मोह झाला. ते खरं नव्हतं. आणि तिला ते लगेच कळलं असतं.

तिच्या घराकडे जाणारी वाट अरुंद, मधोमध गवत वाढलेली, दोन्हीकडे काटेरी कुंपण. फाटकापाशी मी तिला म्हणालो, जायच्या आधी एकदा जेवायला ये घरी. ती म्हणाली, ग्रँड. इथे हा शब्द हो म्हणायलाही वापरतात आणि नाही म्हणायलाही. मग तिने मागे बघितलं. गाडी वळवायला तिथे जागा नव्हती, तिच्या आईने फाटकातच दोन गाड्या लावून ठेवल्या होत्या. बायको इथून गाडी कशी काढायची, मी कधी विचारलं नव्हतं.

मुलगी बूट खाली ठेवून मोज्यांवरच गाडीच्या मागे गेली. मी गाडी मागे घेऊ लागलो, आरशात मला तिचा हात दिसत होता. थोडं डावीकडे, आता सरळ, थांब, परत. पाऊस पडत होता. मोठा रस्ता येईपर्यंत ती तशीच उलटी चालत राहिली. तिथे पोचल्यावर मी काच खाली केली. ती म्हणाली, आता येईल तुम्हाला, आणि वळून घराकडे चालू लागली.