मारुतीचं रेशनकार्ड

जेलमधून सुटलेल्यांना रेशन मिळवून द्यायचं म्हणून आम्ही चार रिटायर्ड मास्तर निपाणीत फॉर्म भरायला बसतो. कार्डं होतात मोजकी, किस्से मात्र पोत्यानं साठतात! एकट्या मारुतीचेच घ्या.

मारुती बेळगावच्या जेलमधून सात वर्षांनी सुटला आणि थोरल्या बहिणीकडे, सुमनआक्काकडे, राहायला आला. मधल्या काळात तिच्या कार्डावरून त्याचं नाव उडालेलं. घरात तांदूळ आधीच पुरेना, त्यात हा गडी ताटावर बसला की भाऊजी, विलासराव, भिंतीकडे बघत जेवायचे. नाव परत चढलं नाही, तर त्याला ते घर सोडावं लागणार होतं. मला त्याची खरंच काळजी वाटायची. त्याला स्वतःला मात्र नाही!

*

रेशन ऑफिसातले साहेब कन्नड. कन्नडमध्ये पत्त्याला 'विळास' म्हणतात आणि 'सांगा'ला 'हेळ्री'. साहेबांनी विचारलं, "विळास?"

"विलास न्हवं साहेब, मारुती!"

"विळास हेळ्री, विळास!"

"अवो, विलास आमचं भावजी! त्यांचं नाव हाय की कार्डावर. उडालंय ते माझं!"

*

पत्ता मिळाला, मग पुरावा. सात वर्षं कुठं राहत होता, त्याचा कागद हवा.

मारुतीनं सुटकेचा कागद टेबलावर ठेवला. "शिक्का बघा साहेब. एक रात बाहेर झोपलो न्हाय!"

*

मग अंगठा. जेलच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या भाजून त्याची बोटं गुळगुळीत झालेली. धुतला, पुसला, केसांना घासला, मशीन काही अंगठा घेईना. शेवटी करंगळी लागली.

मारुती वैतागून म्हणाला, "कसलं मशीन हाय गुरुजी! केसच्या वक्ताला पोलिसांस्नी एका दमात मिळालता!"

*

एवढं होऊन रेशनचे इन्स्पेक्टर चौकशीला आक्काच्या गल्लीत आले. शेजारीपाजारी विचारलं आणि अर्जावर शेरा मारून मोकळे: 'सरकारी नोकर. नाव घालता येत नाही.'

मी हादरलो. मारुती आणि सरकारी नोकर?

आक्काचा चेहरा पडला. लाजेपायी तिनं सात वर्षं गल्लीला सांगितलेलं, भाऊ बंगळूरला सरकारी नोकरीत हाय म्हणून. आता गप्प बसावं तर भाऊ घराबाहेर, बोलावं तर अब्रू गेली.

आक्कानं पदर खोचला आणि भर गल्लीत ओरडली, "खोटं हाय साहेब! भाऊ माझा जेलात हुता! सात वर्षं!"

इन्स्पेक्टरांनी सुटकेचा कागद मागून घेतला, वाचला, शेरा खोडला आणि मारुतीचं नाव लिहिलं. आक्का पदरात तोंड घालून रडत होती. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

समोरच्या पारूमावशी जवळ आल्या. "गप गं बाई. आम्हास्नी पहिल्या दिवसापासनं ठावं हाय. तू नोकरी म्हणालतीस, म्हणून साहेबांस्नी आम्ही बी नोकरीच सांगितली!"